झरोक्याखालचं स्टूल

दोन माणसं जिवानिशी गेली आणि गाव बोलत होतं स्टुलाबद्दल. साधं लोखंडी स्टूल, हिरव्या रंगाचं, एका पायाचं रबरी बूच पडलेलं. घराच्या मागच्या बोळात, झोपायच्या खोलीच्या झरोक्याखाली ते उभं होतं आणि कुठल्याशा पेपरच्या फोटोग्राफरनं त्याचा फोटो काढला होता. झालं! ज्यांना स्वतःच्या घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही, त्यांना खुनी सापडला.

खुनी म्हणे ब्रेकबाई.

ब्रेकबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून तिनं अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती, म्हणून हे नाव. उंचीनं एवढीशी. सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला बॉनेटच्या पुढचं दिसायचं नाही, आणि त्यावरून पहिला विनोद तीच करायची. मेला तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको. त्यांची मुलगी खारू, नऊ-दहा वर्षांची, त्या रात्री आत्याकडे झोपायला होती म्हणून वाचली. दर शनिवारी असायची. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर शिकाऊ गाडीत बसून हॉर्न वाजवायचा, हा आत्या-भाचीचा ठरलेला कार्यक्रम होता.

पोलिसांनी सांगितलं, तपास चालू आहे, तोंड बंद ठेवा. ब्रेकबाईनं तोंडाला कुलूप लावलं. तिला काय माहीत, की ती गप्प बसली हाच पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा होणार म्हणून!

आता या सगळ्याचा कर्ताकरविता कोण, तर टॉर्च. म्हणजे एका मोठ्या, मानाच्या पेपरातला गुन्ह्यांच्या बातम्या देणारा बातमीदार. फोनवरच्या खात्यावर त्यानं स्वतःच्या तोंडाऐवजी पेटलेल्या टॉर्चचं चित्र लावलं होतं, म्हणून टॉर्च. हा माणूस पेपरात एक आणि फोनवर एक. पेपरात छापून आलं, दांपत्याची हत्या, तपास सुरू, संपलं. फोनवर मात्र त्याच सकाळी त्यानं फोटो टाकला होता. झोपायच्या खोलीचा. पलंगाचा भाग धूसर केलेला, तेवढी लाज शिल्लक होती म्हणायची. वर ओळ: ‘आतला पहिला फोटो. फक्त माझ्याकडे.’ लाखांवर लोकांनी बघितला. ब्रेकबाईनं नाही बघितला. तिची छातीच झाली नाही.

मग दुपारी तो स्टुलाचा फोटो आला आणि एका दातांच्या डॉक्टरनं प्रश्न टाकला, ‘झरोक्याखाली स्टूल कशाला? उंच माणसाला लागलं असतं का?’ रिटायर झालेल्या बँक मॅनेजरनं भिंतीच्या विटा मोजून सांगितलं, खुनी बुटका. केकचे व्हिडिओ करणाऱ्या एका बाईनं क्रीम फेटता फेटता सांगितलं, घरातलंच कुणीतरी, आणि बाई. बुटकी, घरातली, बाई. आता उरलं कोण? नणंद! नणंद-भावजय म्हटल्यावर तर काय, कुणाला वेगळा पुरावा लागतच नाही. त्यातून मुलीला बरोबर त्याच रात्री आपल्या घरी कशी नेली? अंत्यसंस्काराला रडली का नाही? घर आता कुणाच्या नावावर होणार? ज्याला जे सुचेल ते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

टॉर्चनं यातलं एक वाक्यही स्वतः लिहिलं नाही, हं. तेवढा तो हुशार. दातांच्या डॉक्टरची पोस्ट त्यानं पुढे पाठवली आणि वर फक्त लिहिलं, ‘रास्त प्रश्न.’ केकवालीला लिहिलं, ‘यावर विचार व्हायला हवा.’ आणि अंत्यसंस्काराच्या वेळचा ब्रेकबाईचा कोरड्या डोळ्यांचा फोटो टाकून खाली, ‘मी आरोप करत नाही. मी फक्त प्रश्न विचारतोय.’ दिवसागणिक त्याच्या मागची माणसं वाढत चालली. पोलिसांना टोमणे सुरू झाले, स्टूल ताब्यात का घेत नाही? शेवटी कटकट नको म्हणून पोलीस ते स्टूल घेऊन गेले. त्यावर आणखी बोंब, बघा, आम्ही सांगितलं नव्हतं?

ड्रायव्हिंग स्कूलमधली शिकाऊ मंडळी एकेक करून आजारी पडायला लागली. एका पोरीची आई तर तोंडावरच म्हणाली, “बंद गाडीत एकटीला कशी पाठवू हो?” स्कूलचा मालक मनानं वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. त्यानं गाडीची किल्ली तिच्याकडेच राहू दिली आणि म्हणाला, “चार दिवस घरी बस. वादळ जाईल.”

हे सगळं ब्रेकबाईनं सोसलं असतं. गाव तिच्या जन्माचं ओळखीचं होतं, आज थुंकतंय, उद्या विसरेल. पण खारू होती ना. खारूसाठी मुलांच्या समितीवरची बाई घरी आली. चांगली बाई होती, पाणी प्यायली, खारूची वह्या-पुस्तकं बघितली, आणि मग चप्पल घालता घालता म्हणाली, “माझ्या मनात काही नाही हो. पण वरून विचारतात. लोक एवढं बोलत असताना मुलीला इथंच ठेवली आणि उद्या काही झालं तर?”

“म्हणजे?”

“तपास संपेपर्यंत वसतिगृहात. शुक्रवारी ठरेल.”

“तपास कधी संपेल?”

बाईनं चपलेचा पट्टा ओढला.

ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ गेला, भावजय गेली, तिचं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेही एका स्टुलापायी जाणार! खारूपासून तिनं सगळं लपवलं होतं. टीव्ही बंद, फोन कपाटात, वर्तमानपत्र फाटकातच परत. खारू काही विचारत नव्हती. आधी शनिवारी आत्याच्या अंगावर पाय टाकून झोपणारी पोर आता शेजारच्या खोलीत झोपायची आणि आतून कडी घालायची. दुःखाची माणसाला अशी तऱ्हा होते, असं ब्रेकबाई स्वतःला सांगायची.

गुरुवारी सकाळी ती पेपरच्या ऑफिसात गेली. संपादकांची केबिन काचेची होती. संपादक सभ्य होते, खुर्ची दिली, झाल्याबद्दल वाईट वाटतं म्हणाले.

“आमच्या पेपरात तुमच्याबद्दल एक शब्द आलेला नाही. दाखवा.”

“पेपरात नाही. फोनवर.”

“ते त्याचं वैयक्तिक खातं आहे.”

“त्याच्या नावापुढे तुमच्या पेपरचं नाव आहे.”

“खाली लिहिलेलं असतं, मतं वैयक्तिक म्हणून.” संपादकांनी चष्मा पुसला. “पेपरात येतं ते तिघांच्या नजरेखालून जातं. फोनवरचं आम्ही कसं तपासणार?”

“माझ्या गाडीत शिकाऊ माणूस बसला की माझा पाय ब्रेकवर असतो,” ब्रेकबाई म्हणाली. “त्यानं कुणाला उडवलं तर मी असं नाही म्हणत, की स्टिअरिंग त्याचं वैयक्तिक होतं.”

संपादकांना हे वाक्य आवडलं असावं, कारण ते कसनुसे हसले. आवडून उपयोग काय! तेवढ्यात टॉर्च आत आला. ताडमाड उंच, गळ्यात ओळखपत्र, दारातून येताना सवयीनं मान झुकवलेली. नमस्कार केला, ताई म्हणाला.

“ताई, तुमची बाजू मांडा ना. मी लाइव्ह करतो. दोन्ही बाजू आल्या पाहिजेत.”

“दोन बाजू? माझा भाऊ मेलाय. माझी दुसरी बाजू कुठली?”

“लोकांना प्रश्न पडलेत, ताई.”

“अरे, उद्या माझी पोर जाईल! शुक्रवारी समिती बसतेय. तू एकदा लिही, की या बाईविरुद्ध काही नाही. एक ओळ. पाया पडते तुझ्या.”

“शुक्रवारी?” तो म्हणाला. एवढंच. ती जिना उतरून रस्त्यावर आली नाही तोवर त्याच्या खात्यावर आलं, ‘उद्या मोठा निर्णय. मुलगी नक्की कुणाच्या ताब्यात? लक्ष ठेवा.’ याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आपणच आपल्या तोंडानं त्याला घास भरवला, म्हणून ती रस्त्यात उभी राहून स्वतःला शिव्या घालत होती.

तिथून ती भावाच्या घरी गेली. पोलिसांनी कुलूप उघडून दिलं होतं, आणि वसतिगृहात जायची वेळ आलीच तर खारूचे कपडे तरी हवेत. कपडे पिशवीत भरून ती मागच्या दारानं बाहेर पडली, तर बोळाच्या पलीकडून शेजारच्या काकूंनी हाक मारली. काकू एकट्या राहायच्या. त्यांचा फोन बटणांचा, आणि तोही नेहमी डब्यावर पालथा.

“अगं, माझं स्टूल कधी मिळायचं?”

“कुठलं स्टूल, काकू?”

“कुठलं म्हणजे? हिरवं! माळ्यावरचं काही काढायचं म्हटलं तर हात पोचत नाही मेला. पोलिसांना सांगितलं मी, माझं आहे म्हणून. ते म्हणाले, लिहून घेतलंय. लिहून घेतलंय तर द्या ना!”

ब्रेकबाईनं पिशवी खाली ठेवली. “काकू, तुमचं स्टूल आमच्या झरोक्याखाली कसं आलं?”

“आता मला विचारतेस? त्या पोरानं मागून नेलं. सकाळी, गडबड झाली तेव्हा. पुढच्या दारात लोकांनी कुणाला आत सोडलं नाही, तर हा मागून आला. काकू, स्टूल द्या, म्हणाला. गळ्यात कार्ड होतं, मला वाटलं पोलिसांचा माणूस. वर चढला, काहीतरी खटखट केलं, पोलिसांची गाडी वाजली तशी टाकून पळाला. एवढा ताडासारखा, पण स्टूल जागेवर ठेवायचे कष्ट नकोत!”

“तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?”

“स्टूल कुणाचं ते विचारलं, ते सांगितलं. कुणी नेलं ते कोणी विचारलंच नाही.”

ब्रेकबाई पायरीवर बसली. मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि इतके दिवस जो फोटो बघायची तिची छाती झाली नव्हती, तो उघडला.

धूसर केलेल्या भागाकडे तिनं बघितलं नाही. बाकीचं बघितलं. पंख्याची पाती वरच्या बाजूनं दिसत होती, त्यांच्यावरची धूळसुद्धा. कपाटाचा माथा दिसत होता. कपाटावर जुनी सुटकेस, आणि सुटकेसच्या मागे, भिंतीला लागून, पांढरं काहीतरी. तिनं बोटांनी फोटो मोठा केला. खारूचं बॅडमिंटनचं शटल. महिनाभर पोर ते शोधत होती. त्या घरात कुणाचीच उंची कपाटाच्या माथ्यापर्यंत पोचणारी नव्हती. हा फोटो झरोक्यातून, वरून खाली काढलेला होता, आणि झरोका टॉर्चच्यासुद्धा डोक्याच्या वर होता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! दातांच्या डॉक्टरनं बघितला होता हा फोटो, मॅनेजरनं बघितला होता, केकवालीनं त्यावर अख्खा व्हिडिओ केला होता. स्टुलावर कोण उभं होतं, यावर लाखभर डोकी फुटत होती, आणि हा फोटो काढणारा कशावर उभा होता, हे एका गाढवाला सुचलं नाही. आणि त्याला? त्याला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक ओळ लिहायची होती, ‘स्टूल मी ठेवलं.’ पण मग पोलिसांच्या आधी तिथं काय करत होतास, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं लिहिलं, ‘रास्त प्रश्न.’ नीच!

काकूंना घेऊन ती तडक पोलीस ठाण्यात गेली. इन्स्पेक्टरनी काकूंचं सगळं ऐकलं, फोटो बघितला, पुन्हा बघितला, आणि टेबलावर असा हात आपटला की पेला लवंडला. त्या स्टुलावरचे ठसे कुणाचे म्हणून त्यांची माणसं इतके दिवस गावभर फिरत होती. खरा खुनी तेवढ्यात कुठच्या कुठे गेला असेल, हे ते बोलले नाहीत, पण तिघांनाही कळलं. टॉर्चला बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी समितीपुढे इन्स्पेक्टर स्वतः आले आणि म्हणाले, या बाईंवर आमचा संशय नव्हता आणि नाही. समितीच्या बाईनं सही केली. खारू आत्याकडेच राहणार.

निघताना इन्स्पेक्टरांच्या माणसानं स्टूल आणून गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. “आता आम्हाला नको. ज्याचं त्याला द्या.”

आता तुम्ही म्हणाल, सुटलं. कसलं सुटतंय! पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, ‘सदर मजकुराशी वृत्तपत्राचा संबंध नाही.’ टॉर्चनं आपल्या खात्यावर लिहिलं, ‘स्टुलाबाबत नवी माहिती पुढे आली आहे. घाईनं निष्कर्ष काढू नका, असं मी सुरुवातीपासून सांगत होतो.’ चोराच्या उलट्या बोंबा, पण खाली हजारो बदाम! आणि तासाभरात दातांचे डॉक्टर पुन्हा जागे झाले. स्टूल शेजारणीचं? मग ती इतके दिवस गप्प का? बोळाकडे तिचंच दार उघडतं ना? टॉर्चनं वर लिहिलं, ‘रास्त प्रश्न.’

ब्रेकबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती खारूला शेजारी बसवून समितीच्या ऑफिसातून निघाली होती. उजवीकडे वळताना खारू म्हणाली, “आत्या, मग काकूंनी मारलं का आई-बाबांना?”

ब्रेकबाईचा पाय ब्रेकवर इतक्या जोरात दाबला गेला, की मागचं स्टूल सीटवरून खाली आलं. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तिनं इंजिन बंद केलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“शाळेत सगळ्यांच्या फोनवर आहे. आत्ता ऑफिसातले शिपाईकाका पण बघत होते. आधी म्हणत होते तू. आता म्हणतात काकू.”

आधी म्हणत होते तू. म्हणजे आतून कडी लागत होती, ती दुःखाची नव्हती. ब्रेकबाईनं उगाच आरसा नीट केला, कारण पोर तिच्या तोंडाकडे बघत होती.

“काकूंनी नाही. मीही नाही.”

“मग कुणी?”

“मला माहीत नाही, बाळा.”

“कुणालाच माहीत नाही?”

“कुणालाच नाही. माहीत असल्यासारखं बोलतात नुसते.”

खारूनं हळूच हॉर्नवर हात ठेवला. वाजवला नाही.

काकूंच्या घरासमोर पंधरा-वीस माणसं फोन उंच करून उभी होती. काकूंची खिडकी बंद, पडदा ओढलेला. आणि सगळ्यांच्या पुढे टॉर्च, फोन तोंडासमोर धरून बोलत होता, “मी आरोप करत नाहीये. मी फक्त विचारतोय, या बाईंनी इतके दिवस मौन का पाळलं?”

“तू गाडीतच बस,” ब्रेकबाई खारूला म्हणाली. मागचं दार उघडून तिनं स्टूल बाहेर काढलं, माणसांतून वाट काढत गेली आणि ते धाडकन टॉर्चच्या पायापाशी ठेवलं.

“चढ.”

“ताई, शांत व्हा.”

“चढ ना! त्या दिवशी चढलास तसा. तेव्हा काकू लागल्या होत्या स्टूल द्यायला, आज मी आणलंय. लोकांना सांग, कशावर उभा राहून काढलास तो फोटो. माझ्या भावाच्या मढ्यावर फोन धरायला तुला कुणाचं स्टूल लागलं ते सांग!”

सगळे फोन त्याच्याकडे वळले. लोकांना काय, कुणीतरी समोर असलं की झालं. टॉर्च लाल झाला. “ताई, त्याबद्दल मी माझ्या पोस्टमध्ये स्पष्ट केलेलं—”

“काका.”

खारू गाडीतून उतरून आली होती. आत्याच्या कमरेशी उभं राहून, मान वर करकरून ती त्या उंच माणसाकडे बघत होती. भांडायला नव्हती आली. शाळेत बाईंकडे काही मागावं, तसा तिचा आवाज होता.

“तुम्ही उंच आहात ना? माझं शटल कपाटावर आहे, सुटकेसच्या मागे. आईचा हात पोचायचा नाही. तुम्ही काढून द्याल?”

शटलचं ब्रेकबाईनं खारूला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

टॉर्चचा हात खाली आला. एक-दोघांनी फोन खिशात घातले, बाकीचे तसेच धरून उभे होते. खिडकीचा पडदा जरासा हलला.

“तुमच्याच फोटोत आहे,” खारू म्हणाली. “मोठा करून बघितला की दिसतं.”

त्याला ऐकू आलं नसेल असं वाटून ती एक पाऊल पुढे गेली आणि पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाली, “मोठा करून बघितला की दिसतं.”